आजाऱ्याचं अन्न हा उपचाराचाच भाग



आजारी माणसाला काय खाऊ घालावं, हा प्रश्न प्रत्येक घरात कधी ना कधी उभा राहतो आणि त्याची उत्तरं बहुधा दोन टोकांची असतात. एका टोकाला पथ्याच्या नावाखाली ताट रिकामं होत जातं. दुधानं कफ होतो, डाळ पचत नाही, अंडं उष्ण पडतं, असं म्हणत म्हणत शेवटी पेज आणि मऊ भात एवढंच उरतं. दुसऱ्या टोकाला भेटायला येणारा प्रत्येक जण मेडिकलमधून पावडरचा डबा घेऊन येतो आणि उशाशी डब्यांची रांग लागते. पहिल्या घरात ज्याला अन्नाची सर्वांत जास्त गरज असते त्याचंच अन्न तुटतं. दुसऱ्या घरात गरज तपासण्याआधीच पैसे खर्च होतात. या दोन्ही सवयींबद्दल संशोधन काय सांगतं, हे आज मला आपल्यासमोर मांडायचं आहे. माझं म्हणणं थोडक्यात असं आहे. पूरक आहार गुण देतो तो खरी उणीव असेल तिथे, ती उणीव भरून निघेल एवढ्या मापानं आणि वेळेवर दिला तर. उणीव नसताना दिलेला पूरक आहार वाया जातो आणि काही आजारांत अपायही करतो. हे मान्य केलं की पुढचा निष्कर्ष टाळता येत नाही: बेळगाव-निपाणीच्या या पट्ट्यात ज्यांची उणीव सर्वांत मोठी आहे, त्या क्षयरुग्णांना आणि त्यांच्या घरच्यांना अन्न हे औषधाच्या गोळ्यांबरोबर आणि तितक्याच हक्कानं मिळालं पाहिजे.

या विचाराचा एक भक्कम पाया मुंबईत घातला गेला. 1928 साली लूसी विल्स या इंग्रज डॉक्टर मुंबईत आल्या आणि हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये काम करू लागल्या. गिरणीत काम करणाऱ्या गरीब बायकांना गरोदरपणात एक जीवघेणा रक्तक्षय होत असे. त्यात रक्तातल्या लाल पेशी आकारानं मोठ्या होत, पण संख्येनं कमी पडत. हा कुठल्या जंतूचा परिणाम असावा, ही शक्यता विल्स यांनी तपासून पाहिली. मग त्यांनी वेगवेगळ्या थरांतल्या बायकांच्या रोजच्या जेवणाची पाहणी केली, आणि दुखणं जेवणातल्या कमतरतेशी जोडलेलं आहे असं त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी या बायकांना यीस्टपासून केलेला मार्माइट नावाचा एक स्वस्त अर्क दिला आणि रक्त भरून येऊ लागलं. 1931 मध्ये त्यांनी हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्या अर्कात नेमकं काय होतं, हे त्या वेळी कुणालाच ठाऊक नव्हतं. 1941 मध्ये पालकाच्या पानांतून वेगळं काढलेलं फॉलिक अ‍ॅसिड हे त्याचं उत्तर ठरलं. आज गरोदर बाईला सरकारी दवाखान्यात लोहाबरोबर फॉलिक अ‍ॅसिडची जी गोळी मिळते, तिच्या मुळाशी मुंबईतल्या या कामगार बायका आहेत. विल्स यांच्या कामाचा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. आधी कोण आजारी पडतं ते पाहिलं, मग त्यांच्या ताटात काय नाही ते पाहिलं, आणि शेवटी तेवढंच दिलं.

जीवनसत्त्वांच्या अशा विजयांतून जगानं मात्र घाईचा अर्थ काढला. कमी पडल्यावर जे तारतं, ते जास्त दिलं तर अधिक तारेल, असं लोकांना वाटू लागलं. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासूनचं पूरकांचं बरंचसं संशोधन या समजुतीची परीक्षा घेत होतं, आणि परीक्षेत ती समजूत वारंवार नापास झाली. फिनलंडमध्ये 29,133 सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांवर एक मोठी चाचणी झाली. फळं-भाज्या जास्त खाणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी दिसतो, म्हणून गाजरातलं बीटा-कॅरोटिन गोळीतून दिलं तर धूम्रपान करणाऱ्यांचं रक्षण होईल, अशी आशा होती. 1994 मध्ये निकाल आला तेव्हा गोळी घेणाऱ्यांत हा कर्करोग 18 टक्क्यांनी जास्त निघाला. ज्या भागात तंबाखू पिकते, वखारीत भरली जाते, ओढली जाते आणि चुन्याबरोबर चघळली जाते, त्या आपल्या भागानं तरी हा निकाल कायम ध्यानात ठेवायला हवा. तंबाखू चालू ठेवून वरून गोळी घेतल्यानं देह वाचत नाही. तशाच आशेनं क्षयरोगाविरुद्ध ड जीवनसत्त्व वापरून पाहिलं गेलं. मंगोलियात 8,851 शाळकरी मुलांवर झालेल्या चाचणीचा निकाल 2020 मध्ये आला. मुलांच्या अंगातलं ड जीवनसत्त्व वाढलं, पण क्षयाचा संसर्ग कमी झाला नाही. अतिदक्षता विभागातल्या अत्यवस्थ रुग्णांना ग्लुटामिन हे अमिनो आम्ल भरपूर दिलं, तर 2013 च्या अभ्यासात मृत्यू उलट वाढलेले दिसले. 2023 मध्ये अशाच रुग्णांना नेहमीच्या जवळजवळ दुप्पट प्रथिनं देऊन पाहिलं. फायदा झाला नाही, आणि ज्यांची मूत्रपिंडं आधीच कोलमडली होती त्यांना त्रासच झाल्याची लक्षणं दिसली.

मग आजाऱ्याला काही देऊच नये का? तसा अर्थ काढणं ही दुसऱ्या बाजूची घाई ठरेल. स्वित्झर्लंडमधल्या आठ रुग्णालयांत दोन हजारांहून अधिक रुग्णांवर एक चाचणी झाली आणि 2019 मध्ये तिचे निकाल आले. हे रुग्ण अत्यवस्थ नव्हते, साध्या वॉर्डात होते. दाखल होताच प्रत्येकाचं वजन, अलीकडे घटलेलं वजन आणि भूक पाहून कुपोषणाचा धोका असलेले रुग्ण आधी निवडले. मग निम्म्यांना आहारतज्ज्ञानं प्रत्येकाची गरज मोजून अन्न ठरवून दिलं. आधी नेहमीच्या जेवणात भर घातली, तेवढ्यानं भागलं नाही तर पूरक पेय दिलं आणि तेही पुरलं नाही तरच नळी घातली. महिनाभरात गंभीर गुंतागुंत होणाऱ्यांचं प्रमाण 26.9 टक्क्यांवरून 22.9 टक्क्यांवर आलं आणि मृत्यूचं प्रमाण 9.9 वरून 7.2 टक्क्यांवर. अत्यवस्थ रुग्णाला पहिल्या दिवसांत भारंभार देऊन जे साधलं नाही, ते सावरू लागलेल्या, पण उपाशी राहिलेल्या रुग्णाला मोजून दिल्यानं साधलं. कोणता पदार्थ गुणकारी, एवढ्या प्रश्नावर आजचं संशोधन थांबत नाही. कुणाला, कधी, किती आणि कशाच्या उणिवेपोटी, हे चार प्रश्न ते एकत्र विचारतं.

या चार प्रश्नांची साक्ष लांबून आणण्याचीही गरज नाही. ती बेळगावातच आहे. केएलई संस्थेचं जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय 1963 मध्ये सुरू झालं आणि स्त्रिया व बालकांच्या आरोग्यावरचं त्याचं संशोधन आज जगभर वाचलं जातं. बेळगावच्या खेड्यांतल्या 1,620 बाळंतिणींवर, सहायक परिचारिकांच्या हातून झालेल्या चाचणीनं 2006 मध्ये दाखवून दिलं की प्रसूतीनंतर तोंडानं घ्यायची मिसोप्रोस्टॉलची गोळी रक्तस्रावाचं प्रमाण 12 टक्क्यांवरून 6.4 टक्क्यांवर आणते. याच भागात पूरक आहारावर दोन मोठ्या चाचण्या झाल्या आणि त्या शेजारी ठेवून वाचण्यासारख्या आहेत. पहिलीत 957 गरोदर स्त्रियांपैकी निम्म्यांना रोज 400 मिलिग्रॅम डीएचए, म्हणजे शेवाळापासून काढलेलं ओमेगा-3 मेदाम्ल, कॅप्सूलमधून दिलं आणि बाळंतपणानंतर सहा महिन्यांपर्यंत ते चालू ठेवलं. बाळाची बुद्धी तल्लख होईल असं सांगून हेच द्रव्य बाजारात महागड्या किमतीला विकलं जातं. वर्षाच्या बाळांचा विकास मोजला तेव्हा कॅप्सूल घेतलेल्या आणि न घेतलेल्या आयांच्या मुलांत फरक आढळला नाही.

दुसरी चाचणी 'विमेन फर्स्ट' नावाची. बेळगावचा ग्रामीण भाग, ग्वाटेमाला, पाकिस्तान आणि काँगो अशा चार ठिकाणी ती झाली आणि 2019 मध्ये तिचे मुख्य निकाल प्रसिद्ध झाले. तिच्यात स्त्रियांना रोज 20 ग्रॅमची एक पुडी मिळे. पुडीत तेलकट, घट्ट लगदा असे. त्यात ऊर्जा, प्रथिनं, मेद, जीवनसत्त्वं आणि खनिजं एकत्र होती. ज्या फार हडकुळ्या होत्या किंवा ज्यांचं वजन गरोदरपणात पुरेसं वाढत नव्हतं, त्यांना याशिवाय जादा ऊर्जा आणि प्रथिनं देणारी आणखी एक पुडी मिळे. एका गटाला ती दिवस राहण्याच्या किमान तीन महिने आधीपासून, दुसऱ्याला गरोदरपणाच्या पहिल्या तिमाहीच्या शेवटापासून, आणि तिसऱ्याला काहीच नाही. पुडी मिळालेल्या दोन्ही गटांतली बाळं जन्मतः अधिक लांबीची भरली. एकाच शहराच्या संशोधकांचा सहभाग असलेल्या या दोन चाचण्यांत एक सुटं द्रव्य निष्प्रभ ठरलं आणि ताटातल्या अनेक उणिवा एकदम भरणारं, हडकुळ्या स्त्रीला जास्त देणारं अन्नासारखं मिश्रण उपयोगी पडलं. गरोदरपण हा आजार नव्हे, हे खरं. पण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत कर्नाटकातल्या 15 ते 49 वयाच्या 47.8 टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला आणि महाराष्ट्रात 54.2 टक्के स्त्रियांना. जिथे निम्म्या बायका या अवस्थेत गरोदर राहतात, तिथे निरोगी आणि आजारी यांच्यातली रेघ फार पुसट होते.

आता क्षयरोगाकडे येतो, कारण आजारी माणसाच्या अन्नाचा प्रश्न इथे सर्वांत धारदार होतो. 2023 साली भारतात सुमारे 28 लाख लोकांना क्षय झाला असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. जगातल्या त्या वर्षीच्या एकूण क्षयरुग्णांपैकी 26 टक्के आपल्या देशात होते. औषधं येण्यापूर्वी क्षयावरचा उपचार म्हणजे मोकळी हवा, विश्रांती आणि सकस अन्न. आपल्या शेजारी मिरजेजवळ वानलेसवाडीचं आरोग्यधाम उभं राहिलं ते याच विचारावर. मग औषधं आली आणि 1956 मध्ये मद्रासला सुरू झालेल्या संशोधन केंद्रानं एक ऐतिहासिक प्रयोग केला. 193 रुग्णांपैकी काहींना सॅनिटोरियममध्ये चांगल्या आहारासह ठेवलं, काहींना त्यांच्या झोपडीवजा घरी ठेवून तीच औषधं दिली. घरच्या रुग्णांचं जेवण निकृष्ट होतं, तरीही त्यांचा क्षय जवळजवळ तितकाच बरा झाला. 1959 च्या या निष्कर्षामुळे जगभरच्या गरिबांना घरी राहून उपचार घेता आले, आणि त्याचं मोल कमी लेखता येणार नाही. पण याच निष्कर्षातून एक वेगळीच गोष्ट रूढ झाली: औषध असलं की अन्नाची काळजी करण्याचं कारण नाही. त्या प्रयोगानं एवढंच दाखवलं होतं की चांगल्या औषधानं उपाशी माणसाच्या छातीतले जंतूही मरतात. तो माणूस किती अशक्त उरतो, पुन्हा कामावर कधी जातो, आणि त्याच ताटात जेवणाऱ्या त्याच्या अर्धपोटी घरच्यांना हा रोग होतो तो अन्नानं टाळता येईल का, हा त्या प्रयोगाचा प्रश्नच नव्हता.

तो प्रश्न साठ वर्षांनी आपल्याच कर्नाटक राज्यातल्या डॉक्टरांनी विचारला. मंगळूरच्या येनेपोया वैद्यकीय महाविद्यालयातले अनुराग भार्गव आणि माधवी भार्गव यांनी 2019 ते 2022 या काळात झारखंडच्या चार जिल्ह्यांत 'रेशन्स' ही चाचणी केली. मद्रासच्या त्या केंद्रातूनच पुढे उभी राहिलेली चेन्नईची राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्था या कामात सहभागी होती, हे मुद्दाम सांगतो. विज्ञानात एका पिढीनं अर्धवट सोडलेला प्रश्न पुढची पिढी हाती घेते, त्याचं हे उदाहरण आहे. चाचणीत 2,800 क्षयरुग्ण आणि त्यांच्या घरची 10,345 माणसं होती. पाचांतल्या चार रुग्णांचं वजन उंचीच्या मानानं कमी होतं आणि जवळजवळ निम्म्यांचं तर धोक्याच्या पातळीखाली. प्रत्येक रुग्णाला सहा महिने, दर महिन्याला दहा किलोची शिधापिशवी मिळे. तिच्यात पाच किलो तांदूळ, तीन किलो सातूचं म्हणजे भाजलेल्या हरभऱ्याचं पीठ, दीड किलो दूध पावडर आणि अर्धा लिटर तेल असे. सोबत जीवनसत्त्वांची गोळी. यातून रोज 1,200 किलोकॅलरी आणि 52 ग्रॅम प्रथिनं पोटात जातात. चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या निम्म्या भागांत घरच्या प्रत्येक मोठ्या माणसालाही महिन्याला पाच किलो तांदूळ आणि दीड किलो तूरडाळ दिली. उरलेल्या भागांत घरचे नेहमीचंच जेवत राहिले.

2023 मध्ये निकाल 'लॅन्सेट' आणि त्याच्या भावंड नियतकालिकात आले. ज्या घरांत सर्वांना शिधा मिळाला, तिथे घरच्यांना क्षय होण्याचं प्रमाण 39 टक्क्यांनी कमी झालं, आणि तपासणीत जंतू सापडलेल्या फुप्फुसाच्या क्षयाचं 48 टक्क्यांनी. अशा साधारण 30 घरांना शिधा दिला की क्षयाचा एक नवा रुग्ण टळतो. रुग्णांपैकी सुरुवातीला जेमतेम तीन टक्के कामावर जाण्याच्या स्थितीत होते. उपचार संपता संपता चारांतले तीन कामावर होते. पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचं वजन पाच टक्क्यांनी वाढलं, त्यांना मृत्यूचा धोका 61 टक्क्यांनी कमी होता. 40 किलोच्या माणसासाठी पाच टक्के म्हणजे अवघे दोन किलो. दोन महिन्यांत दोन किलो वजन वाढतंय की नाही, हे पाहायला एक वजनकाटा पुरतो. त्यासाठी ना प्रयोगशाळा लागते, ना परदेशी यंत्र. तूरडाळीत आणि सातूच्या पिठात कुठलंही नवं द्रव्य नाही. जे कमी होतं तेच दिलं, पुरेसं दिलं, आणि आजार झाल्याबरोबर दिलं.

या पुराव्यावर आक्षेप आहेत आणि ते टाळून पुढे जाणं बरोबर नाही. पहिला आक्षेप पद्धतीचा. 2016 च्या कॉक्रेन आढाव्यात क्षयरुग्णांच्या पूरक आहारावरच्या 35 चाचण्या एकत्र तपासल्या होत्या आणि वजन वाढतं, पण रोग बरा होण्यावर किंवा मृत्यू टळण्यावर परिणाम सिद्ध होत नाही, असा निष्कर्ष निघाला होता. शिवाय झारखंडात सर्वच रुग्णांना शिधा मिळाला, म्हणजे रुग्णांसाठी तुलनेचा गट नव्हता. ज्यांचा आजार मुळात सौम्य त्यांचंच वजन लवकर वाढलं असेल, अशी शंका राहते. ही शंका रास्त आहे आणि म्हणून 61 टक्क्यांचा आकडा मी अन्नाचा सिद्ध परिणाम म्हणून मांडत नाही. पण दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. कॉक्रेनमधल्या बहुतेक चाचण्या जीवनसत्त्वांच्या आणि खनिजांच्या गोळ्यांच्या होत्या. पुरेशा अन्नाच्या चाचण्या त्यात थोड्या आणि लहान. आणि घरच्यांना झालेल्या क्षयाची तुलना मात्र चिठ्ठ्या टाकून पाडलेल्या गटांची आहे, तिथे सौम्य आजाराची पळवाट उरत नाही. वजन आणि क्षय यांचं नातंही जुनं आहे: अनेक देशांतल्या अभ्यासांत, उंचीच्या मानानं वजन मोजणारा बॉडी मास इंडेक्स एका अंकानं वाढला की क्षयाचा धोका सुमारे 14 टक्क्यांनी उतरतो.

दुसरा आक्षेप इथल्या माणसाचा. झारखंडच्या जंगलातली भूक आमच्याकडे कुठे आहे? दूधगंगा-वेदगंगेचं पाणी, हिडकल धरण, उसाचे मळे, साखर कारखाने; या पट्ट्यात कुणी उपाशी नाही, असं आपण सहज म्हणतो. पण ऊस ज्याच्या शेतात आहे आणि ऊस ज्याच्या डोक्यावर आहे, त्या दोघांची ताटं एक नाहीत. निपाणीच्या तंबाखूचा भाव 1981 च्या शेतकरी आंदोलनानं देशाला विचारायला लावला. शरद जोशींच्या नेतृत्वाखाली महामार्गावर बसलेल्या शेतकऱ्यांनी गोळ्या झेलल्या. त्याच काळात वखारीतल्या बायकांनी मजुरीसाठी लढा दिला आणि 1982 मध्ये 'युगांतर' या गटानं त्यांच्यावर माहितीपटही काढला. भाव आणि मजुरी हे दोन्ही प्रश्न या मातीनं राष्ट्रीय केले. त्या मजूर बाईच्या अंगावर मांस किती आहे, हा तिसरा प्रश्न मात्र मागे राहिला. दिवसभर तंबाखूच्या धुळीत काम, भूक मारायला गालात तंबाखूची चिमूट, दातांना मिश्री आणि घरी सर्वांच्या शेवटी जेवण. अशा बाईला क्षय झाला तर तिची उणीव झारखंडच्या बाईपेक्षा वेगळ्या जातीची कशी म्हणायची? आणि इथे भूक आहे की नाही याचा वाद घालण्याची गरजही नाही. निदानाच्या दिवशी उंची आणि वजन मोजावं. ज्याला उणीव नाही त्याला शिधा देऊ नये, ज्याला आहे त्याला द्यावा. सरासरीचा आधार घेऊन कुणाचंही ताट नाकारता येत नाही.

तिसरा आक्षेप असा की सरकार देतंच आहे. निक्षय पोषण योजनेखाली एप्रिल 2018 पासून क्षयरुग्णाच्या खात्यात महिन्याला 500 रुपये येत होते. नोव्हेंबर 2024 पासून ते 1,000 झाले. कमी वजनाच्या रुग्णांना पहिले दोन महिने जादा ऊर्जेचा पूरक आहार देण्याचं ठरलं, आणि 2022 मध्ये सुरू झालेल्या निक्षय मित्र उपक्रमातून दाते शिधा पुरवतात. ही पावलं स्वागतार्ह आहेत. पण हजार रुपये म्हणजे दिवसाला 33 रुपये, आणि कमावता माणूस आजारी पडलेल्या घरात ते आधी वीजबिलाला, मुलाच्या वहीला किंवा प्रवासखर्चाला जातात. त्यात त्या घराचा दोष नाही. दात्याची मदत दात्याच्या उत्साहाइतकीच टिकते. झारखंडात ठरलेला शिधा दारात येत होता, सहा महिने येत होता, आणि घरच्यांचाही वेगळा होता म्हणून रुग्णाचा वाटा रुग्णाच्या पोटात जाण्याची शक्यता वाढली. एकट्या आजाऱ्याला दूध देऊन शेजारी नातवंडांना काही न देणारी आजी आपल्या घरांत सापडणार नाही. ती वाटणारच. म्हणून शिधा घराला द्यायचा. 2019 च्या दरानं त्याचा खर्च रुग्णामागे महिन्याला सुमारे 13 डॉलर आणि घरच्या प्रत्येक माणसामागे चार डॉलर होता. टळलेल्या एका क्षयरुग्णाच्या खर्चापुढे आणि बुडालेल्या मजुरीपुढे तो थोडाच आहे.

चौथा आक्षेप डॉक्टरांकडून येतो आणि तो सर्वांत उपयोगी आहे. मधुमेही क्षयरुग्णाला तांदळाची पिशवी देऊन साखर वाढवायची का? मूत्रपिंड निकामी होत चाललेल्याला प्रथिनं लादायची का? अर्थातच नाही, आणि हा आक्षेप माझ्या म्हणण्याला पुष्टीच देतो. मधुमेह्याच्या पिशवीत तांदूळ कमी, ज्वारी, डाळ आणि शेंगदाणे जास्त. मूत्रपिंडाच्या रुग्णाचं माप डॉक्टरानं ठरवायचं. उणीव ओळखायची म्हणजे प्रत्येकाची ओळखायची. इथेच बाजारातल्या डब्यांचा हिशेबही होतो. तोंडाचा किंवा घशाचा कर्करोग झालेल्या रुग्णाला शस्त्रक्रियेनंतर किंवा रेडिएशनच्या काळात चावता-गिळता येत नाही. तंबाखूच्या या भागात असे रुग्ण थोडे नाहीत. नाकातल्या नळीतून द्यायचं, प्रमाण ठरलेलं द्रव अन्न हे त्यांचं खरं औषध आहे आणि त्यात काटकसर करू नये. पण ज्याला भाकरी चावता येते, त्याच्या उशाशी डब्यांची रांग कशासाठी? शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारे 25 ग्रॅम प्रथिनं असतात, तेवढ्याच फुटाण्याच्या डाळ्यात वीस-बावीस, एका अंड्यात सहा. 2024 मध्ये भारतीय डॉक्टरांनी बाजारातल्या 36 प्रोटीन पावडरी तपासल्या तेव्हा जवळजवळ 70 टक्के डब्यांवरचा मजकूर आणि आतला माल जुळला नाही, आणि काहींत बुरशीचं विष सापडलं. त्याच वर्षी केंद्र सरकारनं ऑनलाइन दुकानांना चॉकलेटी पेयं 'हेल्थ ड्रिंक' या नावाखाली विकू नका असं बजावलं, कारण अन्नसुरक्षेच्या कायद्यात असा प्रकारच नाही. डाळ-शेंगदाण्यांची जाहिरात कुणी करत नाही, एवढाच काय तो डब्याचा फायदा.

मग इथे, बेळगाव जिल्ह्यात काय करता येईल? क्षयाचं निदान होईल त्या दिवशी आणि पुढे दर महिन्याला प्रत्येक रुग्णाचं वजन नोंदवावं, आणि दोन महिन्यांत ते वाढलं नाही तर त्याकडे औषध लागू न पडण्याइतक्याच गांभीर्यानं पाहावं. शिध्याची पिशवी इथल्या चवीची करावी. झारखंडचं सातू इथे कुणी खाणार नाही, पण फुटाण्याच्या डाळ्याचं पीठ, शेंगदाणे, ज्वारी, तूरडाळ, तेल आणि दूध पावडर हे सगळं ओळखीचं आहे. 2013 पासून अन्नभाग्यचा तांदूळ रेशन दुकानातून आणि क्षीरभाग्यचं दूध शाळांतून पोचवण्याची यंत्रणा कर्नाटकात उभी आहे. दहा किलोची पिशवी त्याच वाटेनं पोचू शकते आणि ती भरण्याचं काम गावच्या बचत गटाला देता येईल. पथ्याच्या सल्ल्याचं पत्रक कन्नडबरोबर मराठीतही असावं, कारण दूध बंद करू नका हे वाक्य समजलं नाही तर पिशवीतलं दूध रुग्णाला न देता इतरांच्या चहात जाईल.

महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागाची एक खास अडचण आहे. निपाणीचा रुग्ण कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात किंवा गडहिंग्लजला जातो, चंदगडचा बेळगावात येतो. 2023 मध्ये महाराष्ट्रानं सीमाभागातल्या 865 गावांसाठी महात्मा फुले जनआरोग्य योजना जाहीर केली आणि त्यावरून दोन राज्यांत वाद झाला. सीमेचा दावा 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे आणि आपापल्या जागी दोन्ही बाजूंना आपलं म्हणणं मांडण्याचा पूर्ण अधिकार आहे. पण रुग्णाचं वजन निकालाची वाट पाहू शकत नाही. क्षयरुग्णाची नोंद निक्षय या राष्ट्रीय यादीत होते, ती नोंद राज्य ओलांडून जाते. त्या क्रमांकाबरोबर शिधाही ओलांडून जावा, एवढं ठरवायला दोन जिल्ह्यांच्या क्षयरोग अधिकाऱ्यांची एक बैठक पुरेशी आहे. आणि ज्या प्रश्नांची उत्तरं अजून बाकी आहेत, त्यांसाठी तर बेळगावसारखी जागा नाही. जवाहरलाल नेहरू महाविद्यालय, सरकारी वैद्यकीय महाविद्यालय बिम्स आणि पारंपरिक औषधांवर काम करणारी भारतीय वैद्यक संशोधन परिषदेची संस्था, तिन्ही बेळगावात आहेत. वखारीतल्या आणि शेतमजुरांच्या घरांना दिलेला शिधा इथे किती क्षय टाळतो, मधुमेही रुग्णाची पिशवी कशी असावी, आळीव-नाचणीसारख्या आपल्या जुन्या पदार्थांना बाळंतिणीच्या रक्तक्षयात खरोखर किती गुण येतो, हे त्यांनी तपासावं. परंपरेलाही हीच कसोटी लावावी, कारण आजाऱ्याला आपण देतो त्या प्रत्येक घासाची जबाबदारी आपल्यावर असते.

1931 च्या मुंबईपासून 2023 च्या झारखंडपर्यंतचा पुरावा एकाच दिशेनं बोट दाखवतो. ज्याला कमी पडतं त्याला पुरेसं अन्न वेळेवर द्या. ज्याला कमी पडत नाही त्याला डबे विकू नका. क्षयाच्या गोळ्या फुकट द्यायच्या की नाही, हा वाद या देशात केव्हाच संपला आहे, कारण तो उपचार आहे हे आपण मान्य केलं. त्याच रुग्णाच्या घरातला सहा महिन्यांचा शिधाही उपचार आहे, हे मान्य करण्याइतका पुरावा आता आपल्या हाती आहे. निपाणी तालुक्यातल्या कमी वजनाच्या प्रत्येक क्षयरुग्णाच्या घरापासून ही सुरुवात करता येईल. ती व्हावी म्हणून ग्रामपंचायतीत, जिल्हा पंचायतीत आणि दोन्ही राज्यांच्या लोकप्रतिनिधींकडे आपण सर्वांनी आग्रह धरावा, अशी माझी मनापासून विनंती आहे.